मालगुजारणीसाठी सर्व्हर

मारोतराव लांजेवारांनी सर्व्हर घ्यायचं ठरवलं तेव्हा सर्व्हर म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. चौतीस वर्षं त्यांनी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये रोलिंग मिलच्या मोटारी सांभाळल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच मोटारी त्यांना दुरुस्त झाल्यानंतरच समजल्या होत्या. रिटायर होऊन भिलाई-तीनला स्वतःच्या घरात राहायला आल्यापासून त्यांच्या हाती मिक्सर आणि कूलर एवढीच यंत्रं उरली होती. त्यामुळे हात थोडे शिवशिवत होते, हेही खरं.

निमित्त झालं भागीरथाबाईंचं. भागीरथाबाई गेली पन्नास वर्षं भिलाईत होत्या आणि आता पुढच्या सोमवारच्या गाडीने कायमच्या गोंदियाला लेकीकडे निघाल्या होत्या. लांजेवारांनी त्यांना घरी चहाला बोलावलं होतं. कोहक्याच्या हिराबाई आपल्या जावयाला, कौस्तुभला घेऊन आल्या होत्या, शेजारचे साहू होते. गोष्टी निघाल्या आणि अपरिहार्यपणे 'लाखांदूरची लेक'वर येऊन ठेपल्या.

'लाखांदूरची लेक' हे नाटक मराठी मंडळाने सत्त्याण्णव साली गणपतीत केलं होतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांच्या धर्तीवर, गाणी-बिणी धरून चांगलं चार तासांचं. हिराबाई त्यात नायिका होत्या आणि मारोतरावांच्या पत्नी मैनाबाई खाष्ट मालगुजारीण, म्हणजे गावची जमीनदारीण. मैनाबाईंनी ती मालगुजारीण अशी वठवली होती म्हणे, की पुढे दोन महिने बाजारातली भाजीवाली त्यांच्याशी जपून बोलायची. 'म्हणे' अशासाठी, की मारोतरावांनी ते नाटक पाहिलं नव्हतं. त्यांची सेकंड शिफ्ट होती. पुढच्या प्रयोगाला नक्की येतो, असं त्यांनी सांगितलं होतं आणि पुढचा प्रयोग झालाच नाही. लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका माणसाने त्या रात्री नाटक कॅसेटवर घेतलं होतं. लेकीने, मोनाने, मागच्या वर्षी रायपूरहून ती कॅसेट हार्ड डिस्कवर उतरवून आणली. कॅसेटला बुरशी लागलेली होती. उतरवता उतरवताच ती तुटली. डिस्क टीव्हीला लावली तर टीव्हीने हिंदीत कळवलं, की ही फाइल समर्थित नाही. तेव्हापासून डिस्क कपाटात होती.

"जायच्या आधी एकडाव पाहाले भेटलं असतं," भागीरथाबाई बशीतला चहा फुंकत म्हणाल्या.

"रविवारी पाहा ना," मारोतराव म्हणाले. "मी लावून देतो. सगळ्यांले बोलावतो."

मैनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत अठ्ठावीस वर्षांचा अनुभव होता.

आता टीव्ही ऐकत नाही म्हटल्यावर मध्ये काहीतरी घालावं लागणार, एवढं सगळ्यांना पटलं. काय घालायचं यावर चर्चा सुरू झाली. कौस्तुभ एका बँकेत कंप्यूटरचं पाहायचा. त्याच्या मते ग्राफिक्स कार्ड पाहिजे, तेही तगडं, त्याला पाण्याचं कूलिंग पाहिजे, आणि पुढच्या दहा वर्षांचा विचार करूनच वस्तू घ्यायला पाहिजे. पाण्याचं कूलिंग म्हटल्यावर मारोतरावांना मिलमधला पंपहाउस आठवला आणि हे प्रकरण आपल्या अंगणात मावणार नाही असं त्यांना वाटलं. साहू प्लांटच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागातून रिटायर झालेले. कप खाली ठेवून ते म्हणाले, "भैया, घर में बैठ के वीडियो चलाना है तो उसको बोलते हैं मीडिया सर्वर. सर्वर लगेगा."

शब्द मारोतरावांना आवडला. वजनदार होता.

मोनाला फोन करावा, असं मैनाबाईंनी सुचवलं. मोना पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि पोटासाठी हेच करायची. पण मोना सहा वर्षांची असताना मारोतरावांनी तिला फ्यूज कसा बांधतात ते शिकवलं होतं, आणि त्या नात्याचा प्रवाह उलटा वाहू द्यायला ते अजून तयार नव्हते.

पॉवर हाउसच्या बाजारात एका कबाड्याच्या भंगारात साहूंना सर्व्हर सापडला. खराखुरा सर्व्हर. कुठल्याशा मोठ्या दफ्तरातून निघालेला. दोन हात लांब, चपटा, लोखंडी, वजनाला पंचवीस किलोच्या तांदळाच्या कट्ट्याइतका. "इसमें दो-दो प्रोसेसर हैं," साहू म्हणाले. "डबल इंजन की मालगाड़ी समझ लो." मारोतरावांनी पत्र्यावर बोटाने टकटक केलं. आवाज भरीव आला. अशा गोष्टीत त्यांची पारख पक्की होती.

ऑटोच्या मागच्या सीटवर सर्व्हर बसला आणि दोघं रिटायर माणसं पुढे ड्रायव्हरच्या अंगावर बसून घरी आली. मैनाबाईंनी दारातच विचारलं, "हे काय आणलं? पलंगाची फळी?"

"सर्व्हर हाये."

"ठेवान कुठं?"

हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नव्हता. शेवटी दिवाणावरच्या गाद्या काढून त्याला दिवाणावर झोपवलं. टीव्हीच्या चपट्या पिनेचं भोक त्याला नव्हतं, तेव्हा साहूंनी आपला जुना मॉनिटर आणला. मग मारोतरावांनी बटण दाबलं.

प्लांटमध्ये ज्याने उमर काढली त्याला आवाजाचं भय नसतं. तरीही मारोतराव दोन पावलं मागे सरकले. आत आठ पंखे होते आणि आठही एकाच वेळी पेटले. कॅलेंडर भिंतीवर फडफडलं. मैनाबाई स्वयंपाकघरातून काहीतरी बोलल्या. त्यांचे ओठ हलताना तेवढे दिसले. सात मिनिटं तो नुसता गर्जत होता, आणि स्क्रीनवर पांढरी अक्षरं वर सरकत होती. आठव्या मिनिटाला कूलर, फ्रिज आणि सर्व्हर यांचं जमलं नाही म्हणून घरातली लाइन गेली. शांततेत दारावरची कडी ऐकू आली. वरच्या मजल्यावरची भाडेकरीण उभी होती.

"अंकलजी, आटाचक्की डाले हो क्या? आधा किलो बेसन पिसाना था."

मारोतरावांनी तिला काय सांगितलं असेल ते असो. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली, एवढं खरं.

कूलर बंद ठेवून दुसऱ्यांदा चालू केला. साहूंनी पेनड्राइव्हवरून त्यात काहीबाही घातलं आणि परीक्षा म्हणून आपल्या नातीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ लावला. चित्र आलं. नात चाकू उचलायची आणि थांबायची, मग चाकू एकदम केकमध्येच दिसायचा. टाळ्या वाजवणारे हात तुकड्यातुकड्याने वर जात होते. आणि आवाज नव्हता. साहूंनी टॉर्च लावून मागची सगळी भोकं तपासली. स्पीकरचं भोक कुठेच नव्हतं.

"सर्वर बोलता नहीं है," साहू विचार करून म्हणाले. "उसको बोलने की ज़रूरत ही नहीं पड़ती दफ्तर में."

"मंग नाटक मुक्यानं पाहाचं काय?"

"आवाज़ का बाद में देखेंगे. अटक रहा है, वो पहले. यूएसबी से धीमा चलता है, भैया. डिस्क अंदर डालो."

सर्व्हरच्या तोंडाशी डिस्कसाठी खाने होते. दुसऱ्या खान्यात कबाड्याचीच एक डिस्क बसलेली होती, पहिला रिकामा होता. मोनाची डिस्क प्लास्टिकच्या खोळीत होती. साहूंनी स्क्रूड्रायव्हर घालून खोळ फोडली आणि आतली डिस्क पहिल्या खान्यात सरकवली. खोळीचं जे काही झालं, त्यानंतर ती पुन्हा कामाची राहिली नाही. सर्व्हर चालू झाला. सात मिनिटांनी त्याने इंग्रजीत लांबलचक प्रश्न विचारला आणि खाली लिहिलं, हो की नाही.

"काय म्हणून राहिला तो?" मारोतरावांनी ओरडून विचारलं.

"परमिशन मांग रहा है," साहू ओरडले, आणि त्यांनी 'हो' दाबलं. आयुष्यभर दफ्तरी कागदांवर त्यांनी 'हो' म्हणूनच कामं पुढे ढकलली होती.

एक रेघ डावीकडून उजवीकडे भरत गेली. मग अक्षरं आली. त्यांचा अर्थ लावायला दोघांनाही वेळ लागला. डिस्क नंबर एक पुसून नव्याने तयार केलेली आहे, असा तो अर्थ होता.

साहूंनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. मग म्हणाले, "घर में दाल चढ़ी है," आणि गेले.

मारोतरावांनी सर्व्हर बंद केला. पंखे हळूहळू थांबले. पहिल्या खान्यातली डिस्क त्यांनी बाहेर काढली, रुमालात गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. ती अजून कोमट होती.

पुढचे तीन दिवस त्या घरात दोन माणसं राहत होती आणि दोघांचे दिवस वेगवेगळे होते. मैनाबाईंनी चिवड्याचे पोहे आणले. पाहुण्यांसाठी सतरंज्या मागून घेतल्या. पोळ्या लाटता लाटता त्या स्वतःशी पुटपुटायच्या, मध्येच लाटणं थांबवून मान तिरकी करायच्या. अठ्ठावीस वर्षांनी त्यांना संवाद आठवत होते. मारोतराव पलीकडच्या खोलीत बसून ते ऐकायचे आणि पेपर उलटा धरून वाचायचे. मिलमध्ये एकदा त्यांच्या हातून चुकीचा स्विच दाबला गेला होता आणि अख्खी शिफ्ट बंद राहिली होती. त्या वेळी ते सरळ साहेबासमोर जाऊन उभे राहिले होते. स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडणं त्याहून अवघड निघालं.

"तुमची तब्येत बरी नाई काय?" मैनाबाईंनी विचारलं.

"बरी हाये."

"मंग जेवत कावून नाई?"

"गर्मी हाये."

गुरुवारी सकाळी भाजी आणायला म्हणून ते निघाले आणि स्टेशनच्या बाजूला एका बंद पानठेल्यामागे उभं राहून त्यांनी मोनाला फोन लावला. सगळं सांगितलं. सांगताना साहूंचं नाव त्यांनी एकदाच घेतलं. 'हो' आपल्याच घरात दाबलं गेलं, असं ते म्हणाले. पलीकडे मोनाच्या की-बोर्डची टकटक थांबली.

"बेटा, आहेस ना?"

"हाव, आहे. बाबा, स्क्रीनवर नेमकं काय लिहून होतं? सोच के बताओ."

"डिस्क वन. पुसली म्हणून."

"आणि आपली डिस्क कोणत्या खान्यात होती?"

"पयल्याच खान्यात. म्हणून तर."

"दुसऱ्या खान्यात काही होतं?"

"त्या कबाडीवाल्याची होती एक."

मोनाने श्वास सोडला, तो पुण्याहून भिलाईपर्यंत ऐकू आला. "बाबा, वो ज़ीरो से गिनता है. पहिला खाना म्हणजे डिस्क झीरो. दुसरा खाना म्हणजे डिस्क वन. तुमी त्या कबाडीवाल्याची पुसली."

मारोतराव पानठेल्याच्या फळीवर बसले. समोरून मालगाडी चालली होती. तिचे डबे त्यांनी मोजले नाहीत. शून्यापासून कोणी मोजत असेल, ही शक्यताच चौतीस वर्षांत त्यांच्या डोक्यात आली नव्हती, आणि आज त्यांना ती जगातली सगळ्यात शहाणपणाची पद्धत वाटली.

"पक्कं ना?"

"नव्वद टक्के. हात लावल्याशिवाय शंभर नाई सांगत. आता ती डिस्क कशालेच जोडू नका. आणि साहू अंकलले दाखवू नका." मग तिने विचारलं, "बाबा, तुमाले पाहाचं काय काय हाये? फक्त नाटक ना? किती टीव्हीवर?"

"टीव्ही एकच हाये आपल्याकडं."

"एकाच खोलीत?"

"हाव."

"मग एवढा मोठा सर्व्हर कायले? असा विचार करा, जो पाहाचा तो व्हिडिओ कसा आहे आणि एका वेळी किती जागी पाहाचा, बस. त्याच्यावरून मशीन ठरते. एक छोटा डबा येतो, त्याच्या चिपमध्येच व्हिडिओ उलगडायची सोय राहाते. पंखा पण नाई. मी पाठवतो, डिस्कची नवी खोळ पण टाकतो त्याच्यात. शनिवारी भेटून जाईल."

"किती मोठा राहाते?"

"टिफिनच्या डब्याएवढा."

मारोतरावांच्या अभिमानाला हे जड गेलं. पण तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना भूक लागली होती.

शनिवारी डबा आला नाही. फोनवर संदेश आला: पत्त्यावर कोणी भेटलं नाही. मारोतराव दिवसभर फाटकात खुर्ची टाकून बसले होते, तेव्हा कोणी भेटलं नाही हे धादांत खोटं होतं. डबा भिलाई-तीनऐवजी सेक्टर-तीनला, म्हणजे पार प्लांटच्या टाउनशिपमध्ये जाऊन आला होता. बाहेरच्या माणसाला हा फरक कळत नाही. त्याला वाटतं, तीन ते तीन. रविवारी सकाळी कुरियरचं ऑफिस उघडं आहे असं कळल्यावर मारोतरावांनी स्कूटर काढली. मैनाबाई पिशवी घेऊन मागे बसल्या. "मले सुपेल्यातून शेव आणाची हाये," एवढंच त्या म्हणाल्या.

काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड मागितलं. ते पाहून त्याच्या चेहऱ्यावर दुःख उमटलं.

"ये तो सेक्टर-दो का है."

"जुना क्वार्टर था. रिटायर हो गए."

"पार्सल सेक्टर-तीन गया था."

"गलती से गया था. मैं भिलाई-तीन रहता हूँ."

"मतलब आप सेक्टर-दो के हैं, पार्सल सेक्टर-तीन का है, और माँग रहे हैं भिलाई-तीन के लिए. और नाम लिखा है मोना." त्याने कार्ड परत सरकवलं. "मोना जी को भेजिए. नहीं तो सोमवार को साहब से लिखवा के लाइए."

मोना पुण्यात आहे, हे मारोतरावांनी तीन प्रकारे सांगितलं. फोन लावला, तो उचलला गेला नाही. सोमवारी भागीरथाबाई गोंदियाच्या गाडीत असणार होत्या. मारोतरावांनी बोलण्यात प्लांटमधली नोकरी काढली, चौतीस वर्षं काढली, उत्कृष्ट कामगाराचं प्रशस्तिपत्र काढलं. तो माणूस दुसऱ्या पार्सलवर शिक्का मारायला लागला.

तेव्हा मैनाबाईंनी पिशवी खाली ठेवली. पदर खांद्यावरून घेतला, मान जराशी तिरकी केली आणि काउंटरवर दोन्ही हात टेकले. आवाज त्यांनी चढवला नाही. उलट खाली उतरवला. पण तो सगळ्या खोलीत पोचला.

"बेटा, डिब्बे पे फ़ोन नंबर किसका है, पढ़."

त्याने वाचलं.

"इनके फ़ोन पे लगा."

त्याने लावला. मारोतरावांच्या खिशात घंटी वाजली.

"बजा?"

"जी, माताजी."

"तो दे."

त्याने दिलं. सही कुठे करायची तेही दाखवलं. मारोतराव बाजूला उभे होते, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही क्षणभर सही करावीशी वाटली.

स्कूटर सुपेल्याच्या रस्त्याला लागली तेव्हा मागून मैनाबाई म्हणाल्या, "पुसली गेली असन तर आताच सांगा. लोकाईले चारले बोलावलं हाये."

मारोतरावांनी ब्रेक लावला. "तुले कोणं सांगतलं?"

"साहूबाईनं. सोमवारीच."

"मंग बोलली कावून नाई?"

"तुमी जेवत नोव्हते," मैनाबाई म्हणाल्या. "अजून काय बोलाचं त्याच्यावर?"

मारोतरावांनी तिथेच रस्त्याच्या कडेला त्यांना शून्याचं प्रकरण समजावून सांगितलं. त्यांना ते कितपत पटलं कळलं नाही, पण त्यांनी अर्धा किलोऐवजी एक किलो शेव घेतली.

डबा खरंच टिफिनएवढा होता. अडीच वाजता मोनाला फोनवर धरून मारोतरावांनी तो टीव्हीला जोडला. डिस्क नव्या खोळीत घातली. डबा आवाज करत नव्हता, त्यामुळे तो चालू आहे की नाही हे त्यांनी दोनदा विचारलं. स्क्रीनवर एक पिवळी फाइल आली. तिच्यावर मोनाने मागच्या वर्षी लिहिलं होतं: आईचं नाटक.

"आहे?" मोनाने विचारलं.

फोन मैनाबाईंनी घेतला. "हाये," त्या म्हणाल्या, "सगळं हाये. तुझे बाबा खाली बसले."

चार वाजता घर भरलं. साहू आले, ते दाराशीच थबकले आणि दिवाणाकडे पाहू लागले. सर्व्हर आता अंगणात कुंड्यांखाली होता. कौस्तुभने डब्याला उलटंपालटं करून पाहिलं आणि दहा वर्षांनी याचं काय होईल, अशी शंका काढली. दहा वर्षांनी पाहू, असं हिराबाई म्हणाल्या, आणि नाटक सुरू झालं.

चित्र थोडं पिवळं होतं, पण कुठे अडत नव्हतं. दुसऱ्या प्रवेशात मालगुजारीण आली. पस्तिशीतली, कंबरेला चाव्या, मान तिरकी. तिने नायिकेकडे असं पाहिलं की खोलीतल्या हिराबाईंनी आपोआप पाय आखडले. मारोतराव पुढे सरकून बसले. ही बाई त्यांच्याच घरात राहत होती आणि त्यांना ती दुसऱ्या बाजूने कधी दिसलीच नव्हती.

मध्येच एक विचित्र गोष्ट लक्षात आली. प्रत्येक संवादाच्या आधी एक पुरुषी आवाज तोच संवाद घाईघाईने म्हणून दाखवत होता. पडद्याआडून प्रॉम्प्टिंग चाललं होतं आणि शूटिंगवाल्याचा माइक नेमका त्याच बाजूला होता.

"हे कोण मधात मधात बोलून राहिले?" कौस्तुभने विचारलं. "हा आवाज कमी करता येतो. वेगळा काढता येतो."

हिराबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. भागीरथाबाई खुर्चीत वाकून बसल्या होत्या, कान टीव्हीकडे. त्यांचे यजमान, मंडळाचे प्रॉम्प्टर, जाऊन अकरा वर्षं झाली होती. फोटो होते त्यांचे, घरात दोन-तीन. आवाज कुठेच नव्हता.

"मारोतराव," त्या म्हणाल्या, "थोडं मागं होते काय हे?"

मारोतरावांनी बटण दाबलं. नाटक पाहिजे तेवढं मागे गेलं, एका क्षणात. पडद्याआडून तो माणूस पुन्हा म्हणाला, *हळू बोल मैना, घाई नोको करू, लोकं ऐकून राहिले.* हा संवाद नाटकातला नव्हता.

"अजून एकडाव."

ते मागे नेत राहिले. पाच वेळा, सहा वेळा. चहा निवत गेला आणि साहूंनी शेवेची बशी हातात तशीच धरून ठेवली. डबा टीव्हीखाली गार पडून होता. शेवटी भागीरथाबाईंनी पदराने चष्मा पुसला.

"होऊ द्या आता पुढं," त्या म्हणाल्या. "मालगुजारीण थांबून हाये."